काचेच्या टाकीतला शेजार

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंदा वर्धापनदिनाला कोणत्या विषयावर बोलणार, असे कार्यवाहताईंनी विचारले तेव्हा मी "घरात पाळावयाचे शोभेचे मासे" हा विषय सांगितला. त्या जराशा हसल्या. त्यांचे हसणे रास्तच आहे. आपल्या पालीत मासा म्हटला की कुणाला कालवण आठवते, कुणाला मत्स्यावतार आठवतो, आणि पावसाळा तोंडावर आला असेल तर वलगणीचे मासे आठवतात. काचेच्या पेटीत ठेवून नुसते पाहावयाचे मासे म्हणजे शहरातल्या लोकांची हौस, अशीच आपली समजूत. परंतु ही हौस आता आपल्याही घरांत शिरली आहे. मुंबईला किंवा पुण्याला गेलेली मंडळी येताना प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी भरून, तोंडाला रबर लावून चार रंगीत मासे घेऊन येतात. मुलांच्या वाढदिवसाला टाकी भेट मिळते. बाहेरच्या खोलीत दिवा लागतो, बुडबुडे निघू लागतात, आणि शेजारची मुले दारात गोळा होतात.

पुढे काय होते तेही आपणांस ठाऊक आहे. चार दिवसांनी एक मासा वर तरंगतो. आठवड्याने दुसरा. एकाची शेपटी कुरतडलेली दिसते, एक तर नाहीसाच होतो. महिनाभरात टाकी रिकामी होऊन माळ्यावर जाते, आणि घरातले वडील माणूस सांगून मोकळे होते की, "आपल्या घराला मासे लाभत नाहीत." कुणी त्याच्याही पुढे जाऊन म्हणते, "घरावरचे संकट माशाने आपल्यावर घेतले." ऐकून मनाचे समाधान होते, नाही असे नाही. पण टाकीपुढे बसलेले मूल त्यातून काय शिकते? जीव गेला तर त्याला कारण शोधावयाचे नसते, दुसरा विकत आणावयाचा असतो, हेच ना?

आज मला एवढेच सांगावयाचे आहे की, मासे घराला लाभत नाहीत असे नसते. बहुतेक वेळा माशांना शेजार लाभलेला नसतो. आपण मासे निवडतो ते साडीवर पोलके निवडावे तसे, रंगाला रंग पाहून. तांबडा एक, काळा एक, निळा एक, पट्ट्यापट्ट्यांचा एक. ते एकमेकांजवळ राहू शकतील का, हे कुणी विचारत नाही. माणसाचे शेजाऱ्याशी पटले नाही तर तो दार लावून घेतो, फारच झाले तर बिऱ्हाड बदलतो. टाकीतल्या माशाला दार नाही आणि दुसरे बिऱ्हाडही नाही. त्याचा शेजार आपण ठरवितो. म्हणून शेजार ठरविण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. ते कसे, ते आता क्रमाने पाहू.

पहिला प्रश्न पाण्याचा. आपली अंबा नदी घ्या. येथून ती नागोठण्याला जाते आणि पुढे धरमतरच्या खाडीला मिळते. नदी एकच, पण गोड्या पाण्यातला मरळ खाडीत राहत नाही, आणि खाडीतला बोईट आपल्या विहिरीत आणून सोडला तर जगेल असे आपण कुणी समजत नाही. हे आपल्याला न शिकविता कळते. मग रंगीत माशांच्या बाबतीतच आपण ते विसरतो. मुंबईला मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले. आपल्यापैकी पुष्कळजणी लहानपणी शाळेच्या सहलीबरोबर तेथे गेल्या असतील. तेथे समुद्रातले मासे निराळ्या पेट्यांत आणि गोड्या पाण्यातले निराळ्या पेट्यांत ठेवीत, ते काही नुसत्या मांडणीच्या सोयीसाठी नव्हे.

गोड्या पाण्यातही पुन्हा भेद आहेत. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, त्याला आपण जड पाणी म्हणतो. गप्पी, मॉली, प्लॅटी या माशांना असे थोडे जड पाणी मानवते. मॉली तर थोडासा खारटपणाही सोसते. निऑन टेट्रा नावाचा निळा-तांबडा चमकणारा इवलासा मासा दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन नदीच्या वरच्या भागातला. तेथील जंगलातल्या ओढ्यांचे पाणी अगदी हलके असते. मॉली आणि निऑन एकाच टाकीत ठेवले तर दोघांपैकी एकाला रोज न मानवणारे पाणी प्यावे लागणार. आपल्या घरी नळाचे पाणी येते की विहिरीचे, ते हलके आहे की जड, एवढे स्वयंपाकघरातच कळते. आधी पाणी ओळखावे आणि मग मासा आणावा. मासा आणून मग पाणी बदलीत बसू नये.

पाण्याबरोबर पाण्याची ऊबही पाहावी. उन्हेऱ्याच्या कुंडात उतरताना आपण आधी पायाचे बोट बुडवून पाहतो. माशाला ती सवड नसते. गोल्डफिश हा मूळचा चीनमधला, थंड पाण्यातला मासा. त्याला १८ ते २२ अंशांचे पाणी बरे वाटते. गप्पीला २२ ते २८, फायटरला २४ ते २८ अंश लागतात. तरीही बाजारातून पिशवी येते ती बहुधा दोन गोल्डफिश, दोन गप्पी आणि एक फायटर अशीच! आपल्याकडे चैत्र-वैशाखात टाकीचे पाणी ३० अंशांच्या वर सहज जाते. पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्या दिवसांत गोल्डफिश पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतो, आणि मुले म्हणतात, "आई, बघ, मासा बोलतोय!" तो बोलत नसतो, त्याला श्वास पुरत नसतो.

दुसरा प्रश्न तोंडाचा. माशांच्या जगात नियम सोपा आहे: जे तोंडात मावते ते खाद्य. त्यात दुष्टपणा नाही. एंजल मासा दिसावयास किती शांत, किती डौलदार. पण तो पुरता वाढला की शरीर १५ सेंटिमीटरपर्यंत जाते, आणि साडेतीन सेंटिमीटरचा निऑन त्याच्या तोंडात आरामात मावतो. दोघेही अ‍ॅमेझॉनच्याच पाण्यातले, दोघांना ऊबही सारखी लागते, म्हणून दुकानात दोघांना शेजारी शेजारी ठेवलेले दिसते. तेथे एंजल रुपयाएवढा असतो. सहा-आठ महिन्यांनी एका सकाळी आपण निऑन मोजतो तर आठाचे पाच झालेले असतात.

म्हणून दुकानात मासा किती मोठा आहे हे पाहू नये, तो किती मोठा होणार आहे हे विचारावे. ऑस्कर बोटाएवढा मिळतो आणि फूटभर वाढतो. काच चाटून साफ करतो म्हणून ज्याला सकर म्हणतात तो दोन इंचांचा येतो आणि एक ते दीड फूट होतो. आणि "शार्क" म्हणून जे रुपेरी पोर पिशवीतून येते ते बहुधा शार्क नसतेच. ती पंगस माशाची पिल्ले असतात. हाच पंगस तळ्यांत वाढवून बाजारात खावयास विकतात, त्याचीच काटे काढलेली फोड "बासा" म्हणून हॉटेलात मिळते, आणि मोठा झाला तर तो एक मीटरहूनही लांब होतो. आता दोन फुटांच्या टाकीत मीटरभर लांबीचा पाहुणा कसा राहावा?

तिसरा प्रश्न स्वभावाचा. काही मासे लहान असूनही खोडकर असतात. टायगर बार्ब हा इंडोनेशियाकडचा पट्ट्यांचा मासा सहा-सात सेंटिमीटरचाच असतो, पण लांब, लोंबत्या पराचा मासा दिसला की तो त्याला कुरतडल्यावाचून राहत नाही. एंजल, फायटर, गुरामी, रुंद शेपटीचा गप्पी यांना त्याच्या शेजारी ठेवणे म्हणजे मांजरापुढे लोकरीचा गुंडा ठेवण्यासारखे आहे. कुरतडलेल्या परात बुरशी धरते आणि मासा दगावतो. आपण म्हणतो रोग आला. रोग नंतर आला. आधी शेजारी आला होता.

काहींचे भांडण फक्त आपल्यासारख्यांशीच असते. फायटरचे दोन नर एका टाकीत ठेवले तर ते एकमेकांना जखमी करून सोडतात. गप्पीच्या नराची रंगीत शेपटी पाहूनही फायटरला आपला प्रतिस्पर्धीच आल्यासारखे वाटते. म्हणून फायटर एकटाच ठेवावा हे उत्तम. एकटा म्हणजे वाटीत किंवा लोणच्याच्या बरणीत नव्हे. त्यालाही पंधरा-वीस लिटर पाणी, दोन वनस्पती आणि वर झाकण हवे. तो पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ शकतो म्हणून बरणीत तग धरतो खरा, पण तग धरणे म्हणजे सुखाने राहणे नव्हे, हे बायकांना तरी समजावून सांगावयास नको.

चौथा प्रश्न मजल्याचा. आपल्याला टाकी म्हणजे एकच खोली वाटते. माशांना ती तीन मजल्यांची माडी आहे. झेब्रा मासे वरच्या भागात धावपळ करतात. टेट्रा, बार्ब मधल्या थरात राहतात. कोरी नावाचा मिशाळ छोटा मासा तळाशी वाळू हुंगत फिरतो. तिन्ही मजल्यांवर थोडी थोडी वस्ती ठेवली तर गर्दी वाटत नाही आणि भांडणेही कमी होतात. एकाच मजल्यावर सगळी बिऱ्हाडे आणून ठेवली तर आडोशाच्या जागेवरून तंटा होणारच. म्हणून दगड, मातीची फुटकी कुंडी, पाणवनस्पती यांचा आडोसा करावा. ज्याला पळून बाहेर जाता येत नाही, त्याला निदान लपता तरी यावे.

पाचवा प्रश्न संख्येचा. प्रत्येक जातीचा एक एक मासा आणून नमुने मांडण्याची आपल्याला आवड असते. पण घोळक्याने राहणारा मासा एकटा पडला की भेदरतो, कोपऱ्यात बसतो, खात नाही, किंवा उलट चिडखोर होतो. निऑन, झेब्रा, कोरी हे निदान सहा तरी हवेत. टायगर बार्बचा घोळका आठ-दहांचा असला तर त्यांची खोडी बरीचशी आपसांतच चालते. गप्पीत मात्र नर-मादीचे गणित पाहावे. एका नराला दोन-तीन माद्या ठेवाव्यात, नाहीतर एकच मादी नरांच्या पाठलागाने हैराण होते. आणि मादी सुमारे दर महिन्याला वीस-तीस पिल्ले देते हेही ध्यानात ठेवावे. दोन गप्पी आणले म्हणजे दोनच राहतील, या भ्रमात कुणी राहू नये. पिल्ले नको असतील तर नुसते नर पाळावेत. रंगही त्यांचेच सुरेख असतात.

संख्येचा विषय निघाला म्हणून सांगते. आठ तांबडे-सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे ठेवले की घरात लक्ष्मी येते, असे हल्ली पुष्कळ ठिकाणी सांगतात आणि ते नऊही बहुधा गोल्डफिशच असतात. कुणाच्या श्रद्धेला मी नावे ठेवीत नाही. पण हिशेब पाहा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा टाकीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. वाळू-दगड घालून आणि वर थोडी जागा सोडून ते ४५ लिटरच्या आसपास राहते. एकेक गोल्डफिश पुरता वाढला की १५ ते २० सेंटिमीटर होतो आणि फार घाण करतो. त्या टाकीत असे दोनसुद्धा पुढे दाटीने राहतील. नऊ कसे जगावेत? ज्या घरात येऊन नऊ जीव गुदमरतात, तेथे लक्ष्मी तरी कोणत्या मनाने येईल?

आता घाण म्हणजे काय ते थोडे शास्त्राच्या अंगाने सांगते, कारण चांगला शेजार असूनही मासे दगावतात ते येथेच. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. निसर्गात काही सूक्ष्म जंतू त्याचे आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच. आणि मग दुसरे जंतू त्याचे नायट्रेट करतात, ते पुष्कळच सौम्य असते. हे उपकारी जंतू नव्या टाकीत नसतात. विरजण लागल्याशिवाय दही होत नाही, तसे हे जंतू वाळूत आणि गाळणीत मुरल्याशिवाय टाकी माशांना राहण्याजोगी होत नाही. त्याला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या घरी निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या गाळणीतला थोडा स्पंज मागून आणावा. विरजणच ते, कुणी नाही म्हणणार नाही. मग सगळे मासे एकदम न आणता आधी चार, पंधरा दिवसांनी आणखी चार असे आणावेत. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून पाणी बादलीत दिवसभर उघडे ठेवून किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन मारण्याचे औषध घालून मग वापरावे. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. सगळी टाकी रिकामी करून, वाळू राखेने घासून, चकचकीत करू नये. आपल्याला वाटते स्वच्छता केली. प्रत्यक्षात विरजणाचे भांडेच घासून टाकलेले असते. आणि खाणे दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच. लेकराला भरवावे तसे माशाला भरवू नये.

एवढे सांगितल्यावर आपण विचाराल की, मग टाकीत ठेवावयाचे तरी काय? आपल्या दोन फुटांच्या टाकीसाठी तीन मांडण्या सुचविते.

पहिली मांडणी पाणी थोडे जड असलेल्या घरासाठी. सहा-सात गप्पी, सगळे नर; आणि चार प्लॅटी, तेही सगळे नरच. दोघांचे पाणी एक, ऊब एक, स्वभाव शांत. लहान मुलांच्या घराला ही चांगली.

दुसरी पाणी हलके असलेल्या घरासाठी. निऑन दहा आणि कोरी सहा. एक मधल्या मजल्यावर, एक तळाशी. हे मासे जरा नाजूक, तेव्हा टाकी पूर्ण मुरल्यावरच आणावेत. थंडीत पालीची रात्र बरीच गार होते, म्हणून या टाकीला हीटर लावावा.

तिसरी मला स्वतःला सर्वांत आवडते, कारण ती आपल्या देशातल्या माशांची आहे. आठ झेब्रा आणि मध गुरामीची एक जोडी. आपल्याला रंगीत मासे म्हणजे परदेशी माल वाटतो. पण फ्रान्सिस हॅमिल्टन या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टराने गंगेच्या खोऱ्यातील माशांवर १८२२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात झेब्रा, मध गुरामी, छोटी गुरामी आणि गुलाबी बार्ब या साऱ्यांची शास्त्रीय वर्णने आहेत. आज जगभरच्या टाक्यांत ते दिसतात ते मूळचे आपल्याकडचे. झेब्राच्या शास्त्रीय नावातला "डॅनिओ" हा शब्द धानावरून, म्हणजे भातावरून आलेला आहे. पहिल्या पावसात भाताच्या खाचरात चढणारे लहान मासे आपण पाहतो, तसाच हाही शेतात आणि संथ ओढ्यांत राहणारा. जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचा हा मासा शास्त्रज्ञांच्याही फार उपयोगी पडला आहे. त्याचे अंडे पारदर्शक असते, त्यामुळे आत जीव कसा घडतो ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. त्याच्या हृदयाचा तुकडा कापला तरी ते पुन्हा भरून येते. जॉर्ज स्ट्रायसिंगर या शास्त्रज्ञांनी अमेरिकेत या माशावर संशोधन करून १९८१ साली ते प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून तो देशोदेशीच्या प्रयोगशाळांत गेला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्याच्यावर काम चालते. असा मासा थंडी सोसतो, उन्हाळा सोसतो, खाण्याची तक्रार करीत नाही. दुकानात तो स्वस्तात स्वस्त मिळतो, आणि स्वस्त म्हणूनच आपण त्याला बाजूला सारतो! गुरामी मात्र जरा भिडस्त असते. तिच्यासाठी पृष्ठभागावर तरंगत्या वनस्पती ठेवाव्यात आणि पाणी व झाकण यांत चार बोटे जागा सोडावी, कारण तीही वर येऊन हवा घेते.

गोल्डफिश ज्यांना आवडतातच, त्यांनी ते जरूर पाळावेत. पण ते मोठ्या टाकीत किंवा सावलीतल्या हौदात, आपल्याच जातीच्या सोबतीने.

आता एक महत्त्वाचे सांगून मी आवरते घेते. मासा मोठा झाला, भांडू लागला, किंवा टाकीचा कंटाळा आला की दयाळूपणाने आपण म्हणतो, "नदीत सोडून देऊ, बिचारा सुखाने राहील." हे कधीही करू नये. सकर मासा लोकांनी असाच सोडून दिला आणि आज तो देशातल्या पुष्कळ नद्या-तळ्यांत, आपल्या महाराष्ट्रात उजनी धरणातसुद्धा आढळतो. त्याच्या अंगावर कठीण कवच आणि परांना टोकदार काटे. मच्छीमारांची जाळी त्याने फाटतात, तो काठाची माती पोखरतो, आणि विकावयास गेले तर त्याला भाव नाही. टाकीत आपण चुकीचा शेजार आणला तर चार मासे जातात. नदीत आणला तर नदीचे मूळचे रहिवासी जातात, आणि त्यांच्यावर ज्यांची चूल चालते त्यांचेही नुकसान होते. आरोग्य खात्याची माणसे डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी मासे सोडतात हे खरे, आणि त्याचा उपयोगही होतो. पण ते हौदात, टाक्यांत, साचलेल्या बंद पाण्यात. गप्पीही मूळचा दक्षिण अमेरिकेचाच. त्याला अंबेत किंवा ओढ्यात सोडणे आपले काम नव्हे. मासा नको झाला तर दुकानदाराला परत द्यावा किंवा दुसऱ्या हौशी घरी द्यावा.

भाषण संपल्यावर काही भगिनींनी शंका विचारल्या. सर्वांना उपयोग व्हावा म्हणून त्या येथे देते.

एका वहिनींनी विचारले, "ताई, एक मासा मेला तर जोडी मोडू नये म्हणून लगेच दुसरा आणावा का?" नाही. आधी कारण शोधावे. पर कुरतडलेले आहेत का, पोट फुगले आहे का, पाण्याला वास येतो का, खाणे तळाशी साठले आहे का, हे पाहावे. कारण सापडेपर्यंत नवा जीव त्याच पाण्यात घालू नये. आणि नवा मासा आणला तर तो दोन-तीन आठवडे निराळ्या पिंपात हवेच्या पंपाखाली ठेवून मग टाकीत सोडावा. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले तर तो रोग असतो आणि साऱ्या टाकीला लागतो. टाकीत सोडतानाही पिशवी बांधलेलीच पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगू द्यावी, म्हणजे दोन्हीकडची ऊब सारखी होते.

दुसऱ्या एका काकूंनी विचारले, "पावसाळ्यात वीज जाते, पंप बंद पडतो, तेव्हा काय करावे?" टाकीत मासे बेताचे असतील तर चार-सहा तासांनी काही बिघडत नाही. त्या वेळात खाणे घालू नये. तांब्याने पाणी उचलून हळूहळू वरून सोडीत राहावे, म्हणजे हवा मिसळते. विजेरीच्या सेलवर चालणारा छोटा पंपही मिळतो. वीज गेली की सगळे मासे वर येऊन धापा टाकू लागले, तर समजावे की टाकीत वस्ती फार झाली आहे.

एका मुलीने विचारले, "ओढ्यातले वलगणीचे मासे आणून टाकीत ठेवले तर?" मोह होतो खरा. पण ती पुष्कळदा मोठ्या माशांची पिल्ले असतात, आणि कोण पुढे मरळ होऊन शेजाऱ्यांना गिळील ते आज दिसत नाही. शिवाय ते अंडी घालावयास वर चढलेले असतात. त्यांना त्यांच्या वाटेने जाऊ द्यावे. काठावर उभे राहून पाहावे. त्याला टाकी लागत नाही आणि वीजही लागत नाही.

भगिनींनो, टाकी घरात आणावी की आणू नये हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. पण आणलीत तर मुलाला बरोबर घेऊन आधी हे पाच प्रश्न एका कागदावर लिहा: पाणी कोणते, तोंड केवढे, स्वभाव कसा, मजला कोणता, संख्या किती. तो कागद घेऊन दुकानात जा आणि ज्या माशाची उत्तरे जुळत नाहीत तो कितीही सुंदर असला तरी तेथेच ठेवून या. असा एक सुंदर मासा सोडून येताना मूल थोडे रडेल. पण आवडले म्हणून उचलावयाचे नाही, आधी त्याला आपल्याकडे राहता येईल का ते पाहावयाचे, ही गोष्ट ते त्या दिवशी शिकेल. टाकी पुढे-मागे फुटेल, विकली जाईल. ही शिकवण त्याच्याजवळ राहील.